पुस्तक आधी मांडीवर, मग ओट्यावर

दोन्ही पुस्तकं एकदम घेतलीस हे बरं केलंस. ज्युलिया चाइल्ड यांचं फ्रेंच आणि मधुर जाफरी यांचं हिंदुस्थानी. तुझ्या मनात असं दिसतंय की एक पाहुण्यांसाठी आणि एक रोजच्यासाठी. तसं करू नकोस. ही दोन्ही पुस्तकं एकाच बाईच्या टेबलावरून गेलेली आहेत. न्यूयॉर्कच्या नॉफ प्रकाशनात जुडिथ जोन्स नावाच्या संपादिका होत्या. त्याआधी पॅरिसमध्ये नोकरीला असताना नाकारलेल्या गठ्ठ्यातून ॲन फ्रँकची डायरी ज्यांनी बाहेर काढली, त्याच या. 'मास्टरिंग द आर्ट ऑफ फ्रेंच कुकिंग' १९६१ साली त्यांनी छापलं आणि 'ॲन इन्व्हिटेशन टु इंडियन कुकिंग' १९७३ साली. पहिल्याचं बाड दुसऱ्या प्रकाशकाने परत पाठवलं होतं. जोन्सबाईंनी ते घरी नेलं, त्यातलं वाइनमध्ये मंद शिजवायचं मांस आपल्या स्वयंपाकघरात करून पाहिलं, आणि मगच छापायचं ठरवलं.

दोन्ही पुस्तकांचं गिऱ्हाईकही एकच आहे. जिच्या शेजारी आई किंवा सासू उभी नाही, अशी बाई. मधुर जाफरी दिल्लीच्या. नाटकाचं शिक्षण घ्यायला लंडनला गेल्या तेव्हा त्यांना स्वयंपाक येत नव्हता, आईने पत्रांतून कृती कळवल्या. ज्युलियाबाईंनी तर पस्तिशी उलटल्यावर पॅरिसच्या कॉर्दों ब्लू शाळेत नाव घातलं आणि सिमोन बेक, लुईझेत बर्तोल या दोन फ्रेंच मैत्रिणींबरोबर ते पुस्तक रचलं. मोठेपणी शिकलेल्या बायका आहेत, त्यामुळे 'हे तर येतच असेल' असं त्या म्हणत नाहीत. आपल्याकडची 'अंदाजाने घाल गं' ही शिकवण ज्यांना पुरत नाही, त्यांना यांचाच आधार.

आता मी सांगते ते नीट ऐक.

कृती रात्री वाचायची. जेवणं आटोपल्यावर, पुस्तक मांडीवर घेऊन. गॅस पेटवून ओट्यावर पहिल्यांदा पुस्तक उघडलंस की संपलं. ज्युलियाबाईंच्या पुस्तकात डाव्या रकान्यात जिन्नस असतात आणि उजवीकडे त्यांचं काय करायचं ते, टप्प्याटप्प्याने. ही मांडणी सोयीची, पण पुढच्या पानावर काय वाढून ठेवलंय ते पहिल्या पानावर दिसत नाही. शिवाय जिन्नसांच्या यादीतच अर्धी कामं दडलेली असतात. 'बारीक चिरलेला', 'सोलून बिया काढलेला', 'रात्रभर भिजवलेले'. वाचताना तीन गोष्टी हेर. भांडी किती लागतील, कुठल्या टप्प्याला ओट्यापाशी खिळून उभं राहावं लागेल, आणि कुठे झाकण ठेवून निघून जाता येईल. फ्रेंच कृती लांबलचक दिसतात म्हणून लोक घाबरतात. त्यातला निम्मा वेळ झाकणाखाली जातो. तेवढ्यात तुझी मीटिंग होईल.

मापांचं एकदाच लावून टाक. अमेरिकन कप साधारण २४० मिलिलिटरचा, टेबलस्पून १५ चा. ऑस्ट्रेलियाचं पुस्तक हाती आलं तर तिथला टेबलस्पून २० चा असतो, मीठ घालताना ते लक्षात ठेव. अमेरिकेतली लोण्याची एक 'स्टिक' म्हणजे ११३ ग्रॅम. आपल्याकडे १९७० साली कमलाबाई ओगल्यांनी 'रुचिरा' लिहिली ती वाटी-चमच्याच्या मापाने, आणि कित्येक मुलींचे संसार त्या वाटीवर उभे राहिले. पण वाटी घरोघरी वेगळी. माझी दीडशे मिलिलिटरची आहे, तुझ्या आईची त्याहून मोठी. तेव्हा घरातली एक वाटी कायमची ठरव, तिच्यात किती पाणी मावतं ते मोजून पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिही, आणि ती कामवालीच्या हाती आमटी घालायला देऊ नकोस. वजनकाटाही घे. 'एक मध्यम कांदा' हा तिकडे दीडशे ग्रॅमच्या पुढचा असतो. आपल्या बाजारातले कधी दोन, कधी अडीच लागतात. जुन्या मराठी पुस्तकांत तोळे-शेर भेटतील. तोळा पावणेबारा ग्रॅमचा धर. शेराचं मात्र गावोगाव वेगळं होतं, तिथे पुस्तकाबाहेरच्या शहाणपणानेच जायचं.

आता मुख्य गोष्ट. मिनिटांवर विश्वास ठेवू नकोस, खुणांवर ठेव. मिनिटं लिहिणाऱ्याची शेगडी वेगळी, भांडं वेगळं, कांदा वेगळा. चांगलं घरगुती पुस्तक मिनिटं देतंच, पण सोबत काय दिसेल, काय ऐकू येईल, कसला वास येईल हेही सांगतं. आणि तू बारकाईने पाहिलंस तर फ्रेंच असो की हिंदुस्थानी, यातल्या बहुतेक खुणा एकाच गोष्टीच्या आहेत: पाणी गेलं की नाही. पाणी आहे तोवर पदार्थाची उष्णता शंभर अंशांच्या आसपास अडकून राहते, तो उकडतो. पाणी गेलं की उष्णता वर चढते आणि मग रंग येतो, खमंगपणा येतो. हे एवढं डोक्यात बसलं की दोन्ही पुस्तकं तुला निम्मी पाठ.

लोण्यापासून सुरू कर. ज्युलियाबाईंचं ऑम्लेट करून बघ. पॅनमध्ये लोण्याचा तुकडा टाकलास की ते वितळतं, फेसाळतं, तडतडतं. बाजारच्या लोण्यात साधारण सहावा हिस्सा पाणी असतं, त्याची ही तडतड. त्या सांगतात, फेस बसत आला आणि लोणी रंग धरण्याच्या बेतात आलं की त्या क्षणी अंडं ओत. त्याआधी ओतलंस तर अंडं चिकटतं आणि लिबलिबीत होतं, नंतर ओतलंस तर करपट वास. तुला हा क्षण ओळखता येतो, तुझा तुलाच पत्ता नाही. लहानपणी लोणी कढवताना आजी तुला गॅसपाशी उभी करायची आणि 'आवाज थांबला की सांग' म्हणायची, तो हाच. कढईतली कुरकुर थांबायची, वरचा फेस विरळ होऊन तळाची बेरी दिसायला लागायची आणि वास एकदम पालटायचा. फ्रेंच लोक त्याच वासावर लोणी उतरवतात, माशावर ओततात आणि त्याला 'बर नुआझेत' म्हणतात. आपण आणखी क्षणभर ठेवून तूप गाळून घेतो.

लोण्याचंच आणखी एक. पिवळं पाकिटातलं लोणी खारं असतं, फ्रेंच कृती बहुतेक अळणी लोण्याच्या आहेत. त्यामुळे मीठ शेवटी, चाखून. याहून चांगला उपाय तुझ्या फ्रिजमध्येच आहे. फ्रान्समध्ये पारंपरिक लोणी आधी क्रीमला विरजण लावून मगच घुसळतात, आपणही साय विरजून घुसळतो. तेव्हा घरचं ताजं पांढरं लोणी पाकिटापेक्षा त्या चवीला जवळचं. त्यात पाणी जास्त राहतं, म्हणून दाबून निथळून घे आणि फेस बसायला जरा जास्त थांब.

मग कांदा. कांद्याच्या बाबतीत जगातली बरीच पुस्तकं खोटं बोलतात. 'पाच मिनिटं, बदामी होईपर्यंत' असं लिहितात. पाच मिनिटांत कांदा फार तर काचेसारखा होतो. ज्युलियाबाईंच्या कांद्याच्या सूपाची कृती काढ. उभा पातळ चिरलेला कांदा लोणी आणि थोड्या तेलात झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा मिनिटं. मग झाकण काढायचं, आच मध्यम, मीठ आणि चिमूटभर साखर, आणि आणखी तीस-चाळीस मिनिटं ढवळत राहायचं. खरं बोलणारी बाई आहे. झाकणामुळे कांदा आपल्याच पाण्यात मऊ होतो, झाकण काढल्यावर ते पाणी उडतं, साखर रंगाला हात देते. तळाला तपकिरी थर धरायला लागला की चमचाभर पाणी टाकून तो खरवडून कांद्यातच मिसळायचा, चव तिथे असते. आपल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाला असा कांदा वापरून बघ, मात्र मग त्यात गूळ घालू नकोस. आपला लाल कांदा तिखट आणि पाणीदार, तेव्हा वेळ थोडा अधिकच धर.

मधुर जाफरींच्या पुस्तकात हीच गोष्ट मसाल्याच्या रूपाने येते. त्या आलं-लसूण थोडं पाणी घालून मिक्सरमध्ये वाटायला सांगतात, कारण अमेरिकेतल्या बाईकडे पाटा कुठला? पण मग ते घातलेलं पाणी पुन्हा परतून उडवावं लागतं. इथे मुली घाई करतात, टोमॅटो ढकलतात आणि मग रस्सा कच्चा लागतो म्हणून वर गरम मसाला मारतात. 'तेल सुटेपर्यंत' याचा अर्थ एवढाच की वाटणातलं पाणी गेलं, आता तेल त्याच्याशी मिसळून राहू शकत नाही म्हणून कडेला येतं. आवाज ऐक. आधी भसभस असते, मग बारीक चरचर. दही घालायचं असेल तर एकेक चमचा, मागचा जिरला की पुढचा. रोगनजोश करताना त्या तसंच करायला लावतात आणि ते अगदी बरोबर आहे. सगळं दही एकदम ओतलंस तर भांड्यात ताक होतं.

मटण असो, पनीर असो, मशरूम असो, टाकण्याआधी कोरडं कर. ज्युलियाबाईंचा हा हट्ट आहे: मांस ओलं असलं तर त्याला रंग येत नाही. वाइनमधलं ते मांस, म्हणजे बूर्गिन्यों, करताना आपण बोकडाचं मटण घ्यायचं, धुऊन चाळणीत निथळायचं आणि जुन्या मलमलीने टिपायचं. पॅनमध्ये गर्दी नको, दोन-तीन वेळात परत. मशरूमचंही तेच. रातातुई करताना वांग्याच्या फोडींना मीठ लावून अर्धा तास ठेव, पाणी सुटेल ते टिप, आणि वांगं-झुकिनी वेगळंवेगळं परतून मगच एकत्र कर. सगळं एका कढईत टाकणाऱ्या झटपट कृती मिळतात. त्याने मिश्र भाजी होते, चांगली होते, पण रातातुई होत नाही.

कुकर वापरायचा की नाही? खुशाल वापर. फ्रेंच बायका बिडाच्या भांड्यापाशी तासन्‌तास बसतात असं काही नाही. त्यांच्या सेब कंपनीने १९५३ सालीच घरोघरी चालणारा प्रेशर कुकर बाजारात आणला, आणि ती कंपनी बर्गंडीतल्या सेलोंजे गावची. म्हणजे जिथलं हे वाइनमधलं मांस, तिथलाच कुकर. फक्त इतकंच की कुकरमध्ये वाफ कोंडलेली राहते, रस आटत नाही. तीन तासांच्या कृतीला लिहिलेला रस एक तृतीयांशाने कमी कर, शिट्टी झाली की बारीक गॅसवर पंचवीस-तीस मिनिटं ठेव, आणि झाकण उघडल्यावर रस वेगळा काढून मोठ्या आचेवर चमच्याच्या पाठीला धरेल इतका आटव. हा शेवटचा टप्पा गाळलास तर बूर्गिन्यों नाही, नुसती पिवणी होते.

वाइनचं विचारलंस. नाशिकची साधी कोरडी लाल चालते, महागाची नको. पण शिजवल्यावर दारू सगळी उडून जाते हा गैरसमज आहे, थोडी राहतेच. जेवायला कोणी न घेणारं असेल तर आधी सांगावं, किंवा त्या दिवशी दुसरं काही करावं. वाइनऐवजी द्राक्षाचा रस घालायला सांगणाऱ्याचं ऐकू नकोस, गोडमिट्ट होतं. त्यापेक्षा मांसाच्या पाण्यात शेवटी चमचाभर गोव्याचं माडाचं व्हिनेगर टाक.

क्रीमचं फसवं आहे. आपल्याकडे डब्यात मिळणारं 'फ्रेश क्रीम' बहुधा पंचवीस टक्के स्निग्धांशाचं असतं. फ्रेंच कृतींना तीस-पस्तीसचं हवं. आपलं फेटून फुगत नाही, आणि आंबट रसात उकळलं तर फाटण्याची भीती. म्हणून गॅस बंद करून मग घाल. 'क्रेम फ्रेश' लिहिलं असेल तिथे दोन दिवसांची साय मिक्सरमध्ये गुळगुळीत कर, चमचाभर ताजं दही लाव, रात्रभर बाहेर राहू दे, मग फ्रिजमध्ये. बाजारात शोधत फिरू नकोस.

तिखटाचंही असंच. अमेरिकेसाठी लिहिलेल्या हिंदुस्थानी पुस्तकात तिखट म्हणून केयेन लिहितात, ते झणझणीत, रंगाला बेताचं. तू डब्यातली ब्याडगी घातलीस तर पदार्थ लाल आणि मिळमिळीत, संकेश्वरी घातलीस तर जावईबापू पाणी पीत बसतील. दोन्ही मिसळून ठेव. आणि गरम मसाल्याच्या जागी गोडा मसाला नाही, हे तुला सांगायला नकोच. थाइम नसेल तर ओव्याचे चार दाणे चुरडून चालतील, दोघांच्या वासाचं मूळ द्रव्य थायमॉलच. पण चार म्हणजे चारच. ओवा वरचढ होतो आणि मग फ्रेंच स्टूला पोटदुखीच्या काढ्याचा वास येतो.

पुढे आणखी पुस्तकं घेशीलच, तेव्हा शेफचं पुस्तक आणि घरचं पुस्तक यांत फरक कर. एस्कॉफिए यांचा १९०३ चा ग्रंथ थोर आहे, पण तो हॉटेलातल्या आचाऱ्यांसाठी. मागे स्टॉकचे हंडे उकळत असतील हे त्यात धरलेलं आहे. फ्रेंच घरातलं पुस्तक म्हणजे जिनेत मातियो यांचं १९३२ चं 'ज्ये से क्विझिने', आखूड कृती, रोजचं जेवण. इंग्रजीतही आलंय. एलिझाबेथ डेव्हिड यांची पुस्तकं वाचायला घे, शिकायला नको. मापं सांगायचा त्यांना कंटाळा, पण लिहितात काय! १९५० साली इंग्लंडात शिधावाटप चालू, ऑलिव्ह तेल औषधाच्या दुकानात मिळायचं, आणि या बाई भूमध्य समुद्राकाठच्या जेवणावर पुस्तक काढतात. आपल्याकडे मिसेस बलबीर सिंग यांचं 'इंडियन कुकरी' ज्युलियाबाईंच्याच वर्षी, १९६१ ला आलं. पंजाबी-मोगलाई जेवणासाठी अजून तेच. तमिळ शाकाहारासाठी मीनाक्षी अम्माळ, १९५१. सारस्वतांची 'रसचंद्रिका' तुझ्या सासरी असेलच, नसेल तर माझी घेऊन जा. लक्ष्मीबाई धुरंधरांची 'गृहिणी-मित्र' १९१० ची, ती चाळ, पाठारे प्रभूंच्या घरी काय काय शिजत होतं ते बघून चकित होशील. दुकानात पुस्तक चाळताना फोटो पाहू नकोस. कांदा परतायची एक ओळ शोध. त्यात नुसती मिनिटं असतील तर ठेवून दे. रंग, वास, आवाज यांतलं काही असेल तर घे.

ओट्याची उंचीही बघ. हसू नकोस. ज्युलियाबाई सहा फूट दोन इंच. त्यांच्या नवऱ्याने ओटा नेहमीपेक्षा दोन इंच उंच करून घेतला आणि भिंतीवर फळी ठोकून प्रत्येक भांड्याची आकृती तिच्यावर रेखून दिली. ते स्वयंपाकघर आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये ठेवलंय. तू पाच फूट, आणि तुझा ओटा बिल्डरच्या मापाचा. चाळीस मिनिटं कांदा परतायचा तर पायाखाली लाकडी पाट घे, नाहीतर पुस्तकाला दोष देशील. ओटीजीमध्ये पंधराशे-दोन हजारांचा थर्मामीटर लागत नाही, चारपाचशेचा पुरतो. लटकवून बघ, बटणावरचा १८० आणि आतला १८० क्वचितच जुळतो.

सुरुवात ऑम्लेटने कर, मग कांद्याचं सूप, मग जाफरींचा एखादा साधा रस्सा. एकच पदार्थ महिनाभर पुन्हा पुन्हा कर, पुस्तक बंद करून करता येईपर्यंत. सूफ्ले शेवटी. ते भट्टीतून काढल्यावर दोन-तीन मिनिटांत बसायला लागतं, म्हणून आधी माणसं ताटावर बसव आणि मगच दार उघड. आम्हाला बोलावशील त्या दिवशी काकांना सगळ्यात आधी हाक मार. त्यांना नुसते हात धुवायलाच दहा मिनिटं लागतात.